मोबाइल आणि लहान कास्तकार : भाव कळणे आणि भाव मिळणे

वर्धा शहराला लागून असलेले पिपरी (मेघे) हे गाव आता नावापुरतेच खेडे राहिले आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची नोंद शहरी वस्ती म्हणून झाली. एका बाजूला लेआउट पडले, घरे उभी राहिली. दुसऱ्या बाजूला अजून कापूस, सोयाबीन आणि तुरीची वावरे आहेत. दोन-चार एकरांचा कास्तकार येथे सकाळी वावरात असतो आणि दुपारी शहरात कामाला येतो. त्याच्या खिशात मोबाइल आहे. हिंगणघाटला आज कापूस काय भावाने गेला, हे त्याला संध्याकाळच्या आत कळते.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. कास्तकाराचा हंगाम कसा गेला, हे आम्हाला वर्तमानपत्राच्या आधी आमच्या दुकानात समजते. कापूस चांगला विकला गेला तर मुलांचे कपडे, लुगडी, चादरी सगळे रोखीने जाते. नाही विकला गेला तर उधारीची वही जाड होते. म्हणून एक प्रश्न आमच्याही पोटाशी जोडलेला आहे. भावाची खबर कास्तकाराच्या हातात आली, पण त्या खबरीबरोबर पैसा आला का? या लेखात आपण याच प्रश्नाचा अभ्यास करणार आहोत.

खबर हे व्यापाऱ्याचे भांडवल होते

व्यापारात पैसा हे एक भांडवल आणि खबर हे दुसरे. १८७० साली मुंबई समुद्राखालून टाकलेल्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली. त्यापूर्वी विलायतेचा भाव बोटीने यायला कित्येक आठवडे लागत. तार आल्यावर तोच भाव फार लवकर मुंबईत येऊ लागला. हिंगणघाटचा कापूस त्या काळी लिव्हरपूलच्या बाजारात नावाने ओळखला जात असे. पण ही तार वाचत कोण होते? मोठा व्यापारी आणि त्याचा दलाल. ज्याने कापूस पिकवला त्याला भाव कळायचा तो बंडी बाजारात उभी राहिल्यावर आणि तोही घेणाऱ्याच्या तोंडून. ही स्थिती शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली.

पुढे १९७२ पासून सुमारे तीस वर्षे महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा आणि भाव सरकारने ठरवायचा. त्या काळात कास्तकाराला भावापेक्षा चुकाऱ्याची चिंता अधिक असे. योजना संपल्यावर खासगी खरेदी खुली झाली. आता या जिनिंगचा भाव वेगळा, त्या जिनिंगचा वेगळा. सकाळी एक, दुपारी दुसरा. म्हणजे ज्या काळात भावाच्या खबरीला खरी किंमत आली, त्याच काळात मोबाइलही आला.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्या वेळी बोलण्याचे पैसे दोन्ही बाजूंना पडत. २००३ साली येणारा कॉल फुकट झाला आणि मोबाइल साध्या माणसाच्या हातात येऊ लागला. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. तेव्हापासून कास्तकाराचा मुलगा वावरातूनच कापसाचा फोटो पाठवतो आणि भाव विचारतो.

तीन अनुभव, तीन निकाल

मोबाइलने भाव कळला की भाव मिळतोच, असे पुष्कळ लोक धरून चालतात. अनुभव मात्र इतका सरळ नाही. आपण तीन ठिकाणची उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण केरळचे. १९९७ ते २००१ या काळात तेथील किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा सुरू झाली. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने तारली मासळीच्या बाजाराचा अभ्यास करून २००७ साली तो प्रसिद्ध केला. मोबाइल येण्यापूर्वी एका बंदरावर मासळी फेकून द्यावी लागे आणि काही मैलांवरच्या दुसऱ्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाई. मोबाइल आल्यावर कोळी समुद्रातूनच भाव विचारू लागले आणि जेथे मागणी तेथे होडी नेऊ लागले. वाया जाणारी मासळी जवळजवळ थांबली. कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि घेणाऱ्याला मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त मिळाली. दोन्ही बाजूंचे भले झाले.

दुसरे उदाहरण मध्य प्रदेशचे. तेथे आयटीसी कंपनीने २००० सालापासून गावोगाव 'ई-चौपाल' उभारले. हा मोबाइल नव्हता, गावात ठेवलेला संगणक होता. पण काम तेच, सोयाबीनचा भाव गावातच सांगणे. भाव सांगणारी कंपनी त्याच भावाने माल घ्यायलाही तयार होती. पुढे झालेल्या अभ्यासात असे दिसले की, या सोयीमुळे आसपासच्या मंड्यांतही सोयाबीनचा भाव १ ते ३ टक्के वाढला. हा टक्का दिसायला लहान आहे, पण ज्याची वर्षाची कमाईच एका पिकावर आहे त्याला तो लहान नाही.

तिसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राचे, आणि सर्वांत विचार करण्यासारखे. २००७ साली 'रॉयटर्स मार्केट लाइट' नावाची सेवा येथे सुरू झाली. पैसे भरले की मोबाइलवर मराठीत बाजारभाव, हवामान आणि पिकाचा सल्ला येत असे. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन या दोन अभ्यासकांनी राज्यातील १०० गावांत तिची परीक्षा केली. काही गावांतील शेतकऱ्यांना ही सेवा वर्षभर फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि दोघांची तुलना केली. २०१२ साली निकाल प्रसिद्ध झाला. सेवा मिळालेल्या शेतकऱ्याला सरासरीने जास्त भाव मिळाला, असे दिसून आले नाही. काहींनी बाजार बदलला, काहींनी माल निवडून-प्रतवार करून विकला, इतकाच थोडा फरक आढळला.

असे का झाले? आमच्या समजुतीप्रमाणे कारण व्यापाराच्या साध्या नियमात आहे. केरळच्या कोळ्याला भाव कळला तेव्हा त्याची होडी पाण्यातच होती. दुसऱ्या बंदराकडे वळायला त्याला फारसा खर्च नव्हता. मध्य प्रदेशच्या कास्तकाराला भाव कळला तेव्हा त्या भावाने घेणारा दुसरा खरीददार समोर होता. महाराष्ट्रातल्या त्या शेतकऱ्याला मात्र नुसता भाव कळला. गाडीभाडे तेच, गरज तीच, देणेदार तोच आणि नेहमीचा व्यापारीही तोच.

कापडाच्या बाजारातही आम्ही हेच पाहतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत, सगळीकडचे भाव आज मोबाइलवर येतात. पण ज्या दुकानदाराकडे रोख आहे आणि थान ठेवायला जागा आहे, तोच त्या भावाचा फायदा घेतो. ज्याला शनिवारी हप्ता भरायचा आहे तो भाव माहीत असूनही पडत्या भावाने माल काढतो. खबर दोघांना सारखीच मिळते. थांबण्याची ताकद सारखी नसते.

कापसाचा भाव मोबाइलवर कसा वाचावा

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. वर्धा, देवळी, सेलू, पुलगाव, हिंगणघाट या ठिकाणांचे भाव मोबाइलवर रोज फिरतात. पण त्या आकड्यांचा अर्थ लावता आला पाहिजे. तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, मोबाइलवर येतो तो बहुधा सर्वांत वरचा भाव असतो. तो पांढऱ्या, कोरड्या, पहिल्या-दुसऱ्या वेचणीच्या कापसाचा असतो. कवडी किंवा ओला कापूस घेऊन त्या भावाची अपेक्षा धरली तर निराशाच पदरी येते.

दुसरी गोष्ट, कापसाचा भाव रुई आणि सरकी यांच्यातून निघतो. रुईचा भाव खंडीवर सांगतात आणि एक खंडी म्हणजे ३५६ किलो. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, बाकी घट. समजा, रुई ५५,००० रुपये खंडी आहे. म्हणजे किलोला सुमारे १५४ रुपये ५० पैसे. ३४ किलोचे झाले सुमारे ५,२५३ रुपये. समजा, सरकी ३५ रुपये किलो आहे. ६४ किलोचे झाले २,२४० रुपये. दोन्ही मिळून ७,४९३ रुपये. यातून जिनिंग-प्रेसिंगचा खर्च, वाहतूक आणि जिनवाल्याचा नफा वजा केला की त्या दिवशी तो किती देऊ शकतो याचा अंदाज येतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. त्या दिवसाचे आकडे घालून कोणालाही हा हिशेब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करता येईल. ज्याला हा हिशेब येतो, त्याच्याशी घेणारा जपून बोलतो. सरकीचा भाव वाढला आणि कापसाचा भाव तेथेच राहिला, तर 'का?' असे विचारण्याची हिंमत त्याच्यात येते.

तिसरी गोष्ट, दूरच्या बाजाराचा भाव घरी बसून मोजायचा नसतो. हिंगणघाट वर्ध्याहून साधारण ३५-४० किलोमीटर आहे. समजा, तेथे क्विंटलमागे १५० रुपये जास्त आहेत. पाच क्विंटल कापूस असलेल्याला ७५० रुपये जास्त मिळतील. गाडीचे भाडे आणि दिवसाची मजुरी त्याहून अधिक झाली तर फायदा कुठे राहिला? हाच कापूस चार घरांनी मिळून वीस क्विंटल केला तर फरक ३,००० रुपयांचा होतो आणि तेच एक भाडे चौघांत वाटले जाते. मोबाइलचा खरा उपयोग येथे आहे. भाव विचारायला एक फोन आणि शेजाऱ्यांचा माल एकत्र करायला चार फोन केले पाहिजेत.

हमीभावाची वाट आता मोबाइलमधून जाते

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल असा हमीभाव जाहीर केला. त्याच हंगामात परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत उठवले होते. हंगामाच्या सुरुवातीला खुल्या बाजारातला भाव हमीभावाच्या खालीच राहिला. अशा वेळी लहान कास्तकाराला भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, हाच दुसरा खरीददार असतो. मध्य प्रदेशच्या उदाहरणात जे काम कंपनीने केले, ते काम येथे सीसीआय करू शकते.

पण त्या हंगामापासून सीसीआयच्या दाराला मोबाइलचे कुलूप लागले. 'कपास किसान' नावाच्या ॲपवर आधी नाव नोंदवायचे, जमिनीची आणि पेऱ्याची नोंद द्यायची, मग कापूस आणण्याचा दिवस ठरवून घ्यायचा. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. या पद्धतीत चांगली बाजू आहे. केंद्रासमोर रात्र-रात्र गाड्या उभ्या ठेवण्याचा त्रास कमी होऊ शकतो आणि कास्तकाराच्या नावावर दुसऱ्यानेच कापूस विकण्याला आळा बसू शकतो. पण ज्याची नोंद राहून गेली त्याच्यासाठी ८,११० हा आकडा फक्त वाचण्यापुरता उरतो.

याच्या मागे आणखी एक नोंद आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. कास्तकाराने आपल्या वावरात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि ठरलेल्या मुदतीत ॲपवर चढवायचा. मग सातबारावर पेरा लागतो. पावसाळ्यात केलेले हे पाच मिनिटांचे काम हिवाळ्यात कापूस विकताना उपयोगी पडते. ते राहिले तर पुढचे सगळे अडते.

समजा, एका कास्तकाराकडे १५ क्विंटल कापूस आहे आणि बाजारभाव हमीभावापेक्षा ८०० रुपयांनी खाली आहे. नोंद नसल्यामुळे त्याला बाजारात विकावे लागले, तर १२,००० रुपयांचा फरक पडतो. एवढ्यात एका घराचे वर्षाचे कपडे आणि मुलांच्या शाळेचा खर्च निघतो.

ओलाव्याचा हिशेबही येथेच सांगितला पाहिजे. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, म्हणजे ८,११० च्या भावात ८१ रुपये १० पैसे. १२ टक्क्यांवर भाव ७,७८५ रुपये ६० पैसे होतो आणि त्याहून ओला कापूस घेतलाच जात नाही. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस दोन दिवस उन्हात पसरला तर मिळणारा फायदा कोणत्याही ॲपपेक्षा कमी नाही.

यात एक मोठा वर्ग बाहेर राहतो. आपल्याकडे पुष्कळ लोक मक्त्याने किंवा बटईने जमीन करतात. भूमिहीन कुटुंबे, गावात थोडी कमाई करून एक-दोन एकर मक्त्याने घेणारे, नवऱ्याच्या नावावरचे वावर एकट्याने सांभाळणाऱ्या स्त्रिया, यांचे नाव सातबारावर नसते. मोबाइल त्यांच्याही हातात आहे, पण ॲप त्यांना ओळखत नाही. घाम त्यांचा आणि नोंद दुसऱ्याची. जमीनमालकाशी मक्ता ठरवतानाच पीक नोंद कोण करणार, कापूस कोणाच्या नावाने जाणार आणि पैसे खात्यात आल्यावर किती दिवसांत द्यायचे, हे कागदावर लिहून घ्यावे. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. मोठ्या व्यापारात लेखी करार आणि लहान व्यवहारात तोंडी विश्वास, ही सवय गरिबालाच महाग पडते.

कीड, पाऊस आणि सल्ला

मोबाइल भावाच्या बाबतीत कमी आणि सल्ल्याच्या बाबतीत अधिक उपयोगी पडतो, असे आमचे मत झाले आहे. कारण सल्ल्यावर अंमल करायला दुसरा खरीददार लागत नाही. जानेवारी २००४ पासून किसान कॉल सेंटर चालू आहे. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीत प्रश्न विचारता येतो आणि पैसे पडत नाहीत. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने 'ई-कपास' प्रकल्पातून कापूस उत्पादकांना त्यांच्या भाषेत बोलते संदेश पाठवले. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ऐकता तर येते, हा त्यातला मोठा गुण.

गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घ्या. २०१७ साली या अळीने विदर्भाचा कापूस पोखरला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. कोणते औषध, किती प्रमाणात, केव्हा मारायचे हे विचारायला विश्वासाचा माणूस हवा. दुकानदार जे देईल ते मिसळून मारण्यापेक्षा एक फुकटचा फोन केव्हाही चांगला. मात्र फोनवर सल्ला मिळायला वावरातली खबर आपल्याला आधी द्यावी लागते. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. एका सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन रात्री सापडले की फवारणीची वेळ आली असे शास्त्रज्ञ सांगतात. सापळाच नसेल तर मोबाइल तरी काय सांगणार?

विजेपासून सावध करणारे 'दामिनी' हे सरकारी ॲपही प्रत्येक घरात असावे. आसपास वीज पडण्याची शक्यता असल्यास ते सूचना देते. जीव वाचला तर हंगाम पुन्हा येतो.

आमच्या व्यापारी बांधवांसाठी

आपले अनेक वाचक लहान दुकानदार आहेत, खेडा खरेदी करणारे आहेत, मोबाइल दुरुस्ती आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याची दुकाने चालवणारे तरुणही आहेत. या बदलात त्यांचीही जागा आहे.

खेडा खरेदी करणाऱ्याने हे ओळखावे की, भाव लपवून कमावण्याचे दिवस गेले. कास्तकार भाव विचारूनच दारात उभा राहतो. आता कमाई वजनाच्या खरेपणावर, रोख चुकाऱ्यावर आणि दारातून माल उचलण्याच्या सोयीवर आहे. जो हमाली-तोलाई आधीच सांगून चिठ्ठी देतो, त्याचा नंबर गावात एकमेकांना दिला जातो. जो काटा मारतो, त्याच्या काट्याचा फोटोही त्याच गावात फिरतो.

फॉर्म भरणाऱ्या तरुणांना आमची कळकळीची विनंती आहे. अडाणी माणसाचा आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी ही त्याने तुमच्या हाती दिलेली अमानत आहे. मेहनतीचे वाजवी पैसे घ्या, फलक लावून घ्या, आणि काम झाल्याची पावती द्या. नोंदणीची मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधी आपल्या गिऱ्हाइकांना फोन करून आठवण द्या. हा धंदाही वाढेल आणि लोकांचे भलेही होईल.

काय करावे?

१. पेरणी झाल्यावर ई-पीक पाहणीची मुदत विचारून ठेवावी. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये, त्या दिवशी ॲप चालेलच याचा भरवसा नसतो.

२. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हे हंगामापूर्वी बँकेत जाऊन पाहावे. नोंदणीतला मोबाइल क्रमांक बदलू नये.

३. कापूस वेचणीप्रमाणे वेगळा ठेवावा. पहिली वेचणी आणि शेवटची कवडी एकत्र केली तर सगळ्याला कवडीचा भाव मिळतो.

४. विकण्यापूर्वी किमान तीन ठिकाणी फोन करावा, आणि भाव विचारताना ओलावा, कपात, हमाली आणि चुकाऱ्याची तारीख हेही विचारावे.

५. सोयाबीन-तूर यांसारखा माल लगेच विकण्याची गरज नसेल तर बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेची चौकशी करावी. कृषी पणन मंडळाची ही योजना १९९०-९१ पासून आहे. गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम उचलता येते. तिच्या व्याजाचा आणि मुदतीचा हिशेब आधी समजून घ्यावा.

६. ओटीपी कोणालाही फोनवर सांगू नये. अनुदान मंजूर झाले म्हणून आलेल्या अनोळखी लिंकवर बोट ठेवू नये. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपपासून दूर राहावे.

७. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीने वडिलांच्या मोबाइलमध्ये हंगामाचा जमाखर्च लिहावा. बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी आणि विक्री, इतक्या पाच ओळी पुरेत. उत्पादनाला खर्च किती आला हे ज्याला माहीत नाही, त्याला कोणता भाव चांगला हेही कळत नाही.

थोडक्यात सांगायचे तर, मोबाइलने कास्तकार आणि व्यापारी यांच्यातला खबरीचा फरक बराच मिटवला आहे. दीडशे वर्षांपूर्वी तार आली तेव्हा हे झाले नव्हते. ही मोठी गोष्ट आहे आणि तिची कदर केली पाहिजे. पण माल साठवायची जागा, निकडीला चार पैसे, एकत्र येणारे शेजारी आणि सरकारी दप्तरात स्वतःच्या नावाची नोंद, या चार गोष्टी मोबाइलमध्ये भरून मिळत नाहीत. त्या गावाला आपल्या हाताने उभ्या कराव्या लागतील. पिपरी (मेघे) सारख्या गावात, जेथे वावर आणि शहर यांच्यात एका रस्त्याचे अंतर आहे, तेथे हे काम इतर ठिकाणांपेक्षा सोपे आहे. येणाऱ्या हंगामापूर्वी दहा घरांनी एकत्र बसून आपली नोंद तपासली आणि आपला माल एकत्र न्यायचे ठरवले, तर कळलेला भाव पदरात पडण्याची सुरुवात होईल.